काळ्या मोटारींच्या गावातला रंगारी

नवी गाडी घ्यायचे ठरले की घरातली मोठी माणसे ॲव्हरेज आणि हप्ते यांचा हिशेब मांडून बसतात. मुले मात्र एकच गोष्ट विचारतात, रंग कोणता घ्यायचा? हा प्रश्न आज आपल्याला साधा वाटतो. पण तो विचारण्याची सोय ज्यांच्या खटपटीमुळे झाली, त्यांत हार्ले अर्ल या अमेरिकन माणसाचे नाव फार वरचे आहे.

अर्लचा जन्म १८९३ सालचा, कॅलिफोर्नियातला. वडील घोडागाड्या बांधत. पुढे मोटारी आल्या आणि ते मोटारींचे सांगाडे बांधू लागले. सव्वासहा फुटांहून उंच असलेला हा मुलगा कॉलेज अर्धवट सोडून त्याच कारखान्यात आला. शेजारी हॉलिवूड. सिनेनटांना चारचौघांत उठून दिसणाऱ्या गाड्या हव्या असत आणि अर्ल त्या करून देई. माणूस मोटार नुसती बसायला घेत नाही, मिरवायलाही घेतो, हे त्याला तिथे उमगले.

तिकडे डेट्रॉइटमध्ये वेगळेच राज्य होते. फोर्डची ‘मॉडेल टी’ १९१४ ते १९२५ या काळात फक्त काळ्या रंगात मिळे. गाडी स्वस्त आणि भरवशाची होती, पण हौसेला तिथे जागा नव्हती. शिवाय जुने व्हार्निशचे रंग थरावर थर देऊन वाळवायला कित्येक दिवस लागत. ड्युपाँ कंपनीच्या ‘ड्युको’ लॅकरने ही अडचण दूर केली. दिवसांचे काम तासांवर आले आणि १९२४ च्या ओकलंड गाड्या निळ्या रंगात झळकल्या. आपल्याकडचे सुतार आणि रंगारी अजूनही ‘ड्युको मारू का?’ असे विचारतात, तो शब्द याच डब्यातून आला!

रंग मिळाला, आता तो वापरणारी नजर हवी होती. जनरल मोटर्सचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांनी १९२७ साली खास ‘कला आणि रंग’ विभाग काढला आणि तो अर्लकडे सोपवला. त्याच वर्षी त्याने घडवलेली ‘लासाल’ लोकांना आवडली होती. तरी इंजिनिअर मंडळी त्याच्या विभागाला ब्युटी पार्लर म्हणून हिणवत.

पहिला मोठा घाव लवकरच बसला. १९२९ च्या ब्युइकचे त्याने केलेले डिझाइन कारखान्यात परस्पर बदलले गेले. गाडीच्या कुशी फुगल्या आणि लोकांनी तिला ‘गर्भार ब्युइक’ म्हणून हसण्यावारी नेले. अर्ल संतापला, पण धडा शिकला. नुसते कागदावर सुंदर असून भागत नाही, ते शेवटच्या खिळ्यापर्यंत राखावे लागते. त्यानंतर मातीचे पूर्ण आकाराचे नमुने करण्यावर त्याने भर दिला. १९३८ ची ‘वाय-जॉब’, लढाऊ विमानावरून सुचलेले १९४८ च्या कॅडिलॅकचे शेपटीचे पंख, १९५३ ची कॉर्व्हेट ही सारी त्याच्या देखरेखीखालची. पहिल्या वर्षीच्या तीनशेही कॉर्व्हेट पांढऱ्या होत्या आणि आत लालभडक बैठक! पन्नाशीच्या दशकात त्याने स्त्री डिझायनरांनाही कामावर घेतले. गाडीच्या आतल्या रंगसंगतीवर त्यांची छाप उमटली.

याची दुसरी बाजूही आहे. दरवर्षी नवा रंग, नवा आकार काढायचा, म्हणजे शेजाऱ्याची नवी गाडी पाहून आपली जुनी वाटावी, ही त्याच्या कंपनीची नीती होती. चांगली चालणारी गाडी केवळ फॅशन बदलली म्हणून टाकून देण्याची सवय लोकांना लागली. हौस फुलवणारा हात हावही जागवत होता. अर्लच्या यशाचे मोल असे आहे.

१९५८ च्या अखेरीस तो निवृत्त झाला. १९६४ साली पाँटिअ‍ॅकची ‘जीटीओ’ आली आणि मोठ्या इंजिनाच्या मसल कारचे युग सुरू झाले. त्या गाड्यांची ताकद रस्त्यावर ऐकू येई, पण आधी डोळ्यांत भरत ते त्यांचे रंग. १९६९ च्या कॅमेरोचा ‘हगर ऑरेंज’ आणि जीटीओ ‘जज’चा ‘कॅरोसेल रेड’ त्यातलेच. गंमत म्हणजे या रेडमध्ये लालपणा नावापुरताच, गाडी नारिंगीच दिसे! या गाड्या अर्लने केल्या नाहीत. पण रंगाचाही विचार डिझायनराने करावा, ही जागा त्याने कंपनीत आधीच करून ठेवली होती. त्याच वर्षी, एप्रिल १९६९ मध्ये, फ्लोरिडात तो गेला.

आज जगभरच्या रस्त्यांवर पांढऱ्या आणि करड्या गाड्यांचीच गर्दी दिसते. जुन्या मसल कारचे शौकीन मात्र गाडी विकत घेताना तिच्यावरची छोटी धातूची पट्टी आधी पाहतात. त्यावर कारखान्यात मारलेल्या रंगाचा क्रमांक कोरलेला असतो. रंग मूळचाच असेल, तर किंमत वाढते. ज्या रंगाला एकेकाळी उथळ ठरवले गेले, तोच आता त्या गाडीची ओळख पटवतो.