पंचवीस डॉलरमध्ये चेहरा

कॉलेजच्या आयकार्डसाठी पासपोर्ट साइझ फोटो काढायला गेलात, की फोटोवाला आधी विचारतो, कॉपी किती हव्यात. आता कल्पना करा, कॅमेऱ्याचा शोधच लागलेला नाही. तरीही दोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेत एकाकडे तुम्हाला स्वतःच्या चेहऱ्याच्या बारा छापील कॉपी मिळाल्या असत्या. त्याचं नाव शार्ल सँ-मेमँ. गंमत म्हणजे, हा त्याचा धंदाच नव्हता!

शार्लचा जन्म १७७० चा, फ्रान्समधल्या दिजाँ शहरातला. घराणं उमराव आणि स्वतः राजाच्या सैन्यात अधिकारी. चित्रं काढायचा, पण हौसेखातर. १७८९ मध्ये राज्यक्रांती झाली आणि कुटुंबाला देश सोडून स्वित्झर्लंड गाठावं लागलं. आईचा जमीनजुमला कॅरिबियन समुद्रात, आजच्या हैतीत होता. निदान तो तरी वाचवावा म्हणून बापलेक निघाले आणि १७९३ मध्ये न्यूयॉर्कला पोचले. पण पुढं जाण्यात अर्थ उरला नव्हता. हैतीत गुलामांनी उठाव केला होता. ज्यांच्या घामावर अशा जमिनी पिकत होत्या, तेच आता स्वातंत्र्यासाठी लढत होते. शार्लचं घर बुडालं खरं, पण त्यांची बाजू न्यायाची होती, हेही विसरू नका.

आता पोट कसं भरायचं? तेविशीतल्या या पोरानं हौसेचाच रोजगार केला. पुस्तकं वाचून तो तांब्याच्या पत्र्यावर कोरायला शिकला. मग त्यानं एक यंत्र उभं केलं. ते फिजिओनोट्रेस. मूळ कल्पना १७८६ ची, फ्रान्समधल्या क्रेतिएँची. उंच लाकडी चौकटीसमोर गिऱ्हाईक एका बाजूला तोंड करून बसायचं. दुर्बिणीतून बघितल्यासारखं नेम धरून कपाळ, नाक, हनुवटीच्या कडेवरून फिरायचं, की दांडीला जोडलेली पेन्सिल तीच रेघ गुलाबी कागदावर खऱ्या आकारात उमटवायची. डोळे, केस, कपडे मात्र शार्ल स्वतः खडूनं भरायचा. मग ते चित्र दोनेक इंचाच्या गोलात लहान करून पत्र्यावर कोरायचं आणि छापायचं.

पुरुषांना २५ डॉलर, बायकांना ३५. त्यात मोठं चित्र, कोरलेला पत्रा आणि बारा छाप! न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, बाल्टिमोर, रिचमंड, चार्ल्सटन... तो गावोगाव हिंडला. १८०४ मध्ये राष्ट्राध्यक्ष जेफरसन त्याच्यासमोर बसले. त्याच वर्षी वॉशिंग्टनला आलेल्या ओसेज जमातीच्या प्रमुखांचेही चेहरे त्यानं टिपले. व्यापारी, वकील, त्यांच्या बायका असे आठशेहून जास्त चेहरे. त्यातल्या कित्येकांचं दुसरं चित्र कुठंच नाही.

बारीक कोरून डोळे थकले, तेव्हा १८१० मध्ये त्यानं ते काम सोडलं. पुढं राजवट बदलल्यावर फ्रान्सला परतला आणि १८१७ पासून १८५२ मध्ये मृत्यू येईपर्यंत दिजाँच्या संग्रहालयाचा प्रमुख राहिला. ज्या क्रांतीनं त्याला बेघर केलं, तिच्याच धुमाळीत तिथल्या बर्गंडीच्या सरदारांच्या कबरी फुटल्या होत्या. त्या कबरींवरच्या शोकमूर्ती शोधून त्यानं पुन्हा उभ्या करून घेतल्या.

१८३९ मध्ये छायाचित्रणाची घोषणा झाली, तेव्हा शार्ल ६९ वर्षांचा होता. त्याचं यंत्र त्या दिवसापासून जुनं झालं. चेहरे मात्र उरले.