बेबने लपवला नाही तो आजार

जुलै १९३२. अमेरिकेतील इव्हान्स्टन येथे महिलांची राष्ट्रीय मैदानी स्पर्धा भरली होती. क्लबांचे मोठमोठे संघ उतरले होते. डल्लासच्या एका विमा कंपनीच्या संघात मात्र एकच खेळाडू होती, मिल्ड्रेड ऊर्फ ‘बेब’ डिड्रिक्सन. तिने एकाच दिवशी आठ प्रकारांत भाग घेतला, पाच जिंकले, उंच उडीत संयुक्त पहिली आली आणि ३० गुणांसह सांघिक विजेतेपद पटकावले. दुसऱ्या आलेल्या संघात २२ जणी होत्या. त्यांचे गुण होते २२.

बेबचा जन्म १९११ मध्ये टेक्सासमधील पोर्ट आर्थरचा. आईवडील नॉर्वेहून आलेले. बास्केटबॉलमध्ये तिने आधीच नाव कमावले होते. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये महिलांना तीनच प्रकारांत उतरण्याची मुभा होती. तिने भालाफेक आणि ८० मीटर अडथळा शर्यतीत सुवर्ण, तर उंच उडीत रौप्यपदक मिळवले. पुढे ती गोल्फकडे वळली. १९३८ मध्ये कुस्तीगीर जॉर्ज झहारियस यांच्याशी तिचे लग्न झाले. १९४७ मध्ये ब्रिटनची महिला हौशी गोल्फ स्पर्धा जिंकणारी ती पहिली अमेरिकी ठरली.

एवढ्या कणखर शरीरालाही थकवा येऊ लागला, तरी तिने तपासणी पुढे ढकलली. एप्रिल १९५३ मध्ये ब्युमाँट येथे आणखी एक स्पर्धा जिंकल्यावरच ती डॉक्टरांकडे गेली. निदान झाले, गुदाशयाचा कर्करोग. शस्त्रक्रिया करून कोलोस्टॉमी करावी लागली. यात मोठ्या आतड्याचे टोक पोटावर छिद्र करून बाहेर काढतात आणि शौच तिथे लावलेल्या पिशवीत जमा होते.

ती पुन्हा खेळू शकणार नाही, असेच अनेकांना वाटले. साडेतीन महिन्यांत ती स्पर्धेत परतली. १९५४ ची अमेरिकन महिला ओपन तिने तब्बल १२ फटक्यांच्या फरकाने जिंकली, तीही पोटावर पिशवी बाळगून.

त्या काळी कर्करोगाचे नाव घरातही दबक्या आवाजात घेतले जाई. बेबने मात्र आजार जाहीरपणे सांगितला आणि कर्करोग जागृतीच्या मोहिमांत भाग घेतला. लोकांनी वेळीच तपासून घ्यावे, हा तिचा आग्रह होता. पण तिच्यापासूनच एक गोष्ट लपवण्यात आली. रोग लसिका ग्रंथींपर्यंत पोहोचल्याचे शस्त्रक्रियेच्या वेळीच दिसले होते. डॉक्टरांनी ते जवळच्यांना सांगितले, तिला नाही. रुग्णाला धक्का बसू नये म्हणून खरे न सांगण्याची तेव्हा रीतच होती. १९५५ मध्ये आजार उलटला. २७ सप्टेंबर १९५६ रोजी, वयाच्या ४५ व्या वर्षी, गॅल्व्हेस्टन येथे तिचे निधन झाले.

आज हा कर्करोग लवकर सापडला तर बहुतेकदा बरा होतो. कोलोनोस्कोपीत आतड्यातील मोड, म्हणजे पॉलिप, कर्करोग होण्याआधीच काढता येतात. शौचातून रक्त जाणे, शौचाच्या सवयीत काही आठवडे टिकणारा बदल, कारण नसताना वजन घटणे, रक्तक्षय किंवा न सरणारा थकवा ही लक्षणे अंगावर काढू नयेत. रक्त दिसले की मूळव्याधच असेल, असे घरच्या घरी ठरवू नये. घरात कुणाला हा आजार झाला असेल, तर तपासणी कधीपासून सुरू करावी हे लक्षणांची वाट न पाहता डॉक्टरांना विचारावे.