रॉबर्ट ब्रूस फूट
रॉबर्ट ब्रूस फूट (२२ सप्टेंबर १८३४ – २९ डिसेंबर १९१२) हे ब्रिटिश भूवैज्ञानिक व भारतीय प्रागितिहासाच्या अभ्यासाचे प्रवर्तक होते. त्यांचा जन्म इंग्लंडमधील चेल्टनहॅम येथे झाला. १८५८ मध्ये ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेत दाखल झाले. १८६३ मध्ये मद्रासजवळील पल्लावरम येथे त्यांना अश्मयुगीन हत्यार सापडले.

सोलापूरच्या दक्षिणेस काळा बेसाल्ट संपतो, तेथे कलादगी व भीमा या मालिकांचे प्राचीन गाळाचे खडक उघडे पडतात. सोलापुरात परिचित असलेली शहाबादी फरशी भीमा मालिकेतील चुनखडकाची असते. दक्षिण मराठा प्रदेशाच्या भूविज्ञानावरील फूट यांचा ग्रंथ १८७६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या काळी खडकांचा क्रम थरांच्या मांडणीवरून लावीत आणि गाळाचे मूळ पिंडाश्मातील गोटे जुन्या खडकांशी ताडून ओळखीत. वाळूच्या कणाचे वय काढण्याचे साधन नव्हते.

आज वालुकाश्मातील झिरकॉनच्या कणांत युरेनियमपासून किती शिसे तयार झाले हे मोजून कणांचे वय काढतात. त्या वयाचे खडक जेथे आढळतात, तेथून वाळू आली असावी, असे अनुमान करतात. अशा तुलनेसाठी जुन्या खडकांचे नकाशे अत्यावश्यक असतात. १८८८ मध्ये फूट यांनी वेगळी ओळखून मांडलेली धारवाड प्रणाली २५० कोटी वर्षांहून जुनी ठरली आहे.

फूट १८९१ मध्ये निवृत्त झाले. त्यांचा प्रागैतिहासिक संग्रह १९०४ मध्ये मद्रासच्या संग्रहालयाने घेतला. त्यांचे निधन कलकत्ता येथे झाले.