नेथॅनिएल बाल्डविन

नेथॅनिएल बाल्डविन (१ डिसेंबर, १८७८ – १९ जानेवारी, १९६१) हे अमेरिकन विद्युत अभियंता व संशोधक होते. आधुनिक हेडफोनचे जनक म्हणून ते ओळखले जातात.

जीवन

बाल्डविन यांचा जन्म अमेरिकेच्या युटा राज्यातील फिलमोर येथे झाला. स्टॅनफर्ड विद्यापीठातून विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतल्यावर त्यांनी युटामध्ये अध्यापन केले. मॉर्मन चर्चने त्यागलेल्या बहुपत्नीत्वाच्या प्रथेचे समर्थन केल्यामुळे त्यांना ती नोकरी गमवावी लागली. सॉल्ट लेक सिटीच्या विशाल प्रार्थनागृहात प्रवचने नीट ऐकू येत नसल्याने ते ध्वनिवर्धनाच्या प्रयोगांकडे वळले, असे सांगितले जाते.

१९१० मध्ये त्यांनी स्वतः बनवलेला हेडफोन अमेरिकन नौदलाकडे चाचणीसाठी पाठवला. तो प्रचलित उपकरणांपेक्षा पुष्कळच संवेदनक्षम ठरला आणि नौदलाने मागणी नोंदवली. त्या वेळी बाल्डविन घरच्या स्वयंपाकघरात काम करीत व एका वेळी दहाच नग पुरवू शकत.

रचना

त्या काळच्या सामान्य ग्राहकात (रिसीव्हरमध्ये) लोखंडी पडदाच ध्वनी निर्माण करी. चुंबक त्याला सतत ओढून धरत असल्याने क्षीण संदेशाने तो फारसा हलत नसे. बाल्डविन यांनी चुंबकाच्या ध्रुवांमध्ये लोखंडाची लहान पट्टी अशी बसवली, की तिच्यावरील दोन्ही बाजूंची ओढ समतोल राहील. भोवतालच्या वेटोळ्यातून प्रवाह गेला की ती कलत असे व तिची हालचाल बारीक दांडीमार्फत अभ्रकाच्या हलक्या पडद्याला मिळे. ध्वनिवर्धक निर्वात नलिका प्रचारात येण्यापूर्वी बिनतारी संदेश ऐकण्यासाठी हा गुण निर्णायक होता.

मात्र या ग्राहकात मधले स्वर ठळक व खर्जाचे स्वर दुबळे येत. याला पडद्याइतकेच कानावरचे आवरणही कारणीभूत होते. कडक आवरण कानाला घट्ट बसत नाही आणि फटीतून प्रथम खर्जाचे स्वर निसटतात. आजच्या मऊ गाद्या ही फट बुजवतात. परंतु गादीची जाडी, आकार व कापड बदलले, तर त्याच ड्रायव्हरचा स्वरसमतोलही बदलतो. मोर्स संकेत व बोलणे यांसाठी बाल्डविन यांची रचना पुरेशी होती, संगीतासाठी नव्हे.

उद्योग व उतरती कळा

नौदलाच्या सूचनेवरून त्यांनी डोक्यावर बसणारी, मागेपुढे सरकवता येणारी तारेची पट्टी तयार केली. ती क्षुल्लक वाटल्याने त्यांनी तिचे एकस्व (पेटंट) घेतले नाही. पुढे हीच रचना सर्वत्र रूढ झाली. पहिले महायुद्ध व त्यानंतरचे रेडिओचे वेड यांमुळे सॉल्ट लेक सिटीजवळील त्यांचा कारखाना भरभराटीला आला. परंतु बहुपत्नीत्ववादी गटांना दिलेला पैसा आणि फसलेली गुंतवणूक यांमुळे १९२४ मध्ये कंपनी डबघाईला आली. पुढे टपालाद्वारे फसवणूक केल्याच्या आरोपावरून त्यांना कारावासही भोगावा लागला. उर्वरित आयुष्य त्यांनी प्रसिद्धीपासून दूर घालवले. वयाच्या ८२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

महत्त्व

२३ जुलै, १९२७ रोजी मुंबई नभोवाणी केंद्र सुरू झाले, तेव्हा स्फटिक संचावर कार्यक्रम ऐकणाऱ्यांना हेडफोन लावावाच लागे. पुढे मोठ्या हेडफोनमध्ये चल-वेटोळ्याचे ड्रायव्हर रूढ झाले. तरी समतोल पट्टीचे तत्त्व आजही श्रवणयंत्रांत व कानात घालायच्या अनेक इयरफोनमध्ये वापरले जाते.