तोंड पूर्ण उघडत नाही? सिग्मंड फ्रॉइड यांच्या जबड्याची सोळा वर्षे

हा लेख वाचण्याआधी एक साधी चाचणी करा. तोंड जमेल तितके मोठे उघडा आणि स्वतःच्या हाताची मधली तीन बोटे एकावर एक अशी उभी धरून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये घालून पाहा. तिन्ही सहज गेली तर तुमचे तोंड साधारण ४० मिलिमीटर उघडते आहे, काळजी नको. दोनच गेली, किंवा कशीबशी एक, तर त्यामागे काहीतरी कारण आहे आणि ते शोधायला हवे.

आता कानाच्या छिद्राच्या अगदी पुढे बोट ठेवून तोंडाची उघडझाप करा. बोटाखाली हलताना कळतो तो जबड्याचा सांधा. आम्ही त्याला टीएमजे म्हणतो. कवटीची खोबण आणि खालच्या जबड्याचे टोक यांच्यामध्ये एक छोटी चकती असते. ती जागची सरकली की कट् असा आवाज येतो, कधी जबडा अडकतो. झोपेत दात खाण्याची सवय असेल किंवा मनावर ताण असेल तर चावण्याचे स्नायू आखडतात आणि तोंड कमी उघडते. मऊ आहार, शेक, जबड्याचे हलके व्यायाम, थोडे दिवस वेदनाशामक गोळ्या आणि गरज पडलीच तर रात्री दातांवर लावायची स्प्लिंट, एवढ्याने बहुतेकांचा त्रास कमी होतो. शस्त्रक्रिया फार थोड्यांना लागते.

हे सगळे दिलासा देणारे आहे, आणि धोका नेमका तिथेच आहे. तोंड उघडत नाही म्हटल्यावर सांध्याकडे बोट दाखवून सगळेच मोकळे होतात. पण तोंड आखडण्याचे कारण सांध्यात नसून तोंडाच्या आत, टाळूवर किंवा अक्कलदाढेच्या मागे असू शकते. ज्यांचे नाव तुम्ही नक्की ऐकले आहे अशा एका माणसाच्या आयुष्यातून हे समजून घेऊ.

सिग्मंड फ्रॉइड यांचा जन्म ६ मे १८५६ रोजी मोराव्हियातल्या फ्रायबर्ग या गावी झाला. हे गाव आज चेक प्रजासत्ताकात आहे. लहानपणीच कुटुंब व्हिएन्नाला आले आणि पुढची सुमारे ७८ वर्षे हेच त्यांचे शहर राहिले. मनोविश्लेषणाचे जनक म्हणून जग त्यांना ओळखते, पण मुळात ते मेंदू आणि मज्जासंस्थेचे डॉक्टर. १८८१ मध्ये पदवी मिळाली. १८८४ मध्ये त्यांनी कोकेनवर एक प्रबंध लिहिला. त्याच सुमारास त्यांचे सहकारी कार्ल कोलर यांनी कोकेनचे थेंब टाकून डोळा बधिर करता येतो हे दाखवून दिले. आज दाढ काढताना दंतवैद्य तुमची हिरडी बधिर करतात, त्या पद्धतीची सुरुवात इथूनच झाली. पुढे जागेपणी, फक्त जागा बधिर करून, स्वतःच्याच जबड्यावर शस्त्रक्रिया करून घ्यावी लागेल हे त्या तरुण डॉक्टरला कुठून ठाऊक असणार!

विशीतच त्यांना सिगारचे व्यसन लागले. पुढे दिवसाला वीसेक सिगार ओढल्या जात. छातीत धडधड होऊ लागली तेव्हा मित्र असलेल्या डॉक्टरांनी सोडायला सांगितले. त्यांनी सोडल्या आणि पुन्हा धरल्या. दुसऱ्यांच्या मनाचे कोपरे तपासणाऱ्या या माणसाला स्वतःची ही सवय शेवटपर्यंत सुटली नाही. व्यसन म्हणजे नुसता मनाचा कमकुवतपणा असे मानणाऱ्या नातेवाइकांनी हे जरूर लक्षात घ्यावे.

फेब्रुवारी १९२३ मध्ये, वयाच्या ६६व्या वर्षी, त्यांना तोंडात उजव्या बाजूला, टाळू आणि वरच्या जबड्याजवळ पांढरट वाढ दिसली. तंबाखूमुळे येणाऱ्या अशा पांढऱ्या चट्ट्याला ल्युकोप्लेकिया म्हणतात. फ्रॉइड स्वतः डॉक्टर, पण दोन महिने त्यांनी कोणाला काही सांगितले नाही. सिगार बंद करायला लावतील ही भीती त्यात होतीच. एप्रिलमध्ये त्यांनी डॉक्टर फेलिक्स डॉइच यांना तोंड दाखवले. डॉइच यांना हा कर्करोग आहे हे पाहताक्षणी कळले. पण तसे न सांगता, साधा चट्टा आहे, काढून टाकू, एवढेच ते म्हणाले. खरे ऐकून फ्रॉइड जीवाचे बरेवाईट करतील असे त्यांना वाटले होते.

मार्कुस हायेक यांनी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातच ती वाढ काढली. किरकोळ काम म्हणून घरच्यांनाही आधी कळवले नव्हते. रक्तस्राव थांबेना, तेव्हा फ्रॉइडना एका छोट्या खोलीत ठेवले. तिथे दुसरा एक रुग्ण होता, शरीराने ठेंगणा आणि मतिमंद. पत्नी मार्था आणि मुलगी ॲना जेवणासाठी घरी गेल्या असताना पुन्हा जोराचा रक्तस्राव झाला. फ्रॉइडना बोलता येईना, आणि मदतीसाठीची घंटा बिघडलेली. शेजारचा तो रुग्ण धावत जाऊन परिचारिकेला घेऊन आला. कदाचित त्यामुळेच त्यांचा जीव वाचला. त्यानंतर ॲना रात्रभर खोलीतून हलली नाही.

काढलेल्या तुकड्याच्या तपासणीत कर्करोगच निघाला. तरीही फ्रॉइडना सांगितले नाही. क्ष-किरण आणि रेडियमचे उपचार मात्र दिले गेले. रुग्णापासून नाव लपवायचे आणि उपचार त्याच रोगाचे द्यायचे, हा प्रकार आपल्याकडेही घरोघरी चालतो, म्हणून मुद्दाम सांगतो आहे. त्याच जूनमध्ये त्यांचा साडेचार वर्षांचा लाडका नातू हाइनेले क्षयाने गेला. त्याची आई सोफी तीन वर्षांपूर्वीच तापाच्या साथीत गेली होती. या मुलाच्या मृत्यूने फ्रॉइड जितके खचले तितके स्वतःच्या आजाराने कधी खचले नाहीत. उन्हाळ्याच्या शेवटी ते ॲनाला घेऊन रोमला गेले. वाटेत आगगाडीत नाश्ता करताना तोंडातून रक्ताची धार लागली. सोबत असलेल्या ॲनाला आता शंका उरली नव्हती.

खरे काय ते परतल्यावर सांगितले गेले. इतके महिने आपल्याला अंधारात ठेवले याचा फ्रॉइडना संताप आला. डॉइच यांच्यावरचा त्यांचा विश्वास उडाला आणि डॉक्टर म्हणून ते नाते संपले. मला विचाराल तर, डॉइच यांचा हेतू वाईट नव्हता. पण रुग्णाच्या वतीने त्याची हिंमत ठरवण्याचा अधिकार आपल्याला नसतो.

ऑक्टोबर १९२३ मध्ये हान्स पिखलर या जबड्याच्या शल्यचिकित्सकाने दोन टप्प्यांत मोठी शस्त्रक्रिया केली. उजवा वरचा जबडा, टाळूचा बराच भाग, खालच्या जबड्याचा काही भाग, गालाचे आतले अस्तर, सगळे काढावे लागले. नोव्हेंबरमध्ये पुन्हा थोडा रोग दिसला म्हणून आणखी एकदा.

टाळूच गेल्यामुळे तोंड आणि नाक यांची एकच पोकळी झाली. पाणी प्यायले तर नाकातून येणार, बोलले तर शब्द गेंगाणे आणि अस्पष्ट. यावर उपाय म्हणून पिखलर यांनी मोठ्या कवळीसारखा कृत्रिम भाग बसवला. अशा साधनाला आज ऑब्च्युरेटर म्हणतात. घरात त्याचे नावच राक्षस पडले होते. तो घट्ट बसला नाही तर खाता-बोलता येत नसे, घट्ट बसला तर खालच्या कातडीला जखमा होत. काही तास काढून ठेवावा तर जखमेची जागा आकसून तो पुन्हा बसत नसे.

आणि इथे आपण सुरुवातीच्या तीन बोटांकडे येतो. फ्रॉइड यांचे तोंड आता नीट उघडतच नव्हते. तोंड मिटवणारे महत्त्वाचे स्नायू वरच्या जबड्याच्या अगदी मागे असतात. तिथे शस्त्रक्रियेचे व्रण झाले, किरणोपचारांनी मांस आखडले, की जबडा जखडतो. याला ट्रिस्मस म्हणतात. सांधा शाबूत असूनही दार उघडत नाही, कारण बिजागरी ठीक आहे पण दोरी आखडली आहे. त्या अरुंद फटीतून तो भला मोठा कृत्रिम जबडा आत घालायचा आणि बाहेर काढायचा. एकदा फ्रॉइड आणि ॲना अर्धा तास झटले तरी तो बसला नाही, शेवटी डॉक्टरांना बोलवावे लागले. सिगार दातांत धरण्यासाठी ते कपडे वाळत घालायच्या चिमट्याने जबडा फाकवत. उजव्या कानाने ऐकू येईनासे झाले, म्हणून त्यांनी रुग्णांचा कोच आणि आपली खुर्ची यांच्या जागा बदलल्या आणि डाव्या कानाने ऐकत काम चालू ठेवले.

सेवेसाठी त्यांनी नर्स ठेवली नाही, ॲनावरच सगळे सोपवले. दोघांत एक करार होता: हळहळ दाखवायची नाही, जे करायचे ते डॉक्टरसारखे शांतपणे करायचे. तोंडाच्या कर्करोगाचा रुग्ण घरी असलेल्यांना या कराराची किंमत कळेल.

पिखलर यांनी वर्षानुवर्षे जवळून देखरेख ठेवली. संशयास्पद जागा दिसली की लगेच काढायची. सोळा वर्षांत तीसहून जास्त शस्त्रक्रिया झाल्या. बर्लिनमध्ये आणि पुढे १९३१ मध्ये बोस्टनच्या काझांजियान यांच्याकडून नवे कृत्रिम जबडे करून घेतले, पण पूर्ण आराम एकानेही दिला नाही. याच काळात त्यांचे लेखन आणि रुग्ण तपासणे चालूच होते.

तुमच्यासाठी यात कामाचे काय? तोंड हळूहळू कमी उघडत असेल, एकाच बाजूला कानाकडे कळ जात असेल, पांढरा-लाल चट्टा किंवा जखम दोन-तीन आठवड्यांत भरत नसेल, मानेत गाठ लागत असेल, तर सांध्याचा शेक बाजूला ठेवा आणि तोंडाच्या आतून तपासणी करून घ्या. चट्टा नुसता पाहून खात्री होत नाही, बायोप्सीच लागते. तुकडा काढला की रोग पसरतो ही समजूत चुकीची आहे. आपल्या महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी सुपारी, मावा, मिसरी चालूच आहेत. सुपारीने गालाच्या आत पांढरट, ताठ पट्टे येतात आणि तोंड आखडत जाते. या सबम्युकस फायब्रोसिसला अनेक जण सांध्याचे दुखणे समजतात, पण पुढे त्यातून कर्करोग होऊ शकतो. किरणोपचार चालू असतील तर तोंड उघडण्याचे व्यायाम पहिल्याच दिवसांत विचारून घ्या. दातांमध्ये आइस्क्रीमच्या काड्यांची चळत धरून रोज एकेक वाढवणे हा त्यातला स्वस्त आणि चांगला उपाय आहे. आखडून घट्ट झालेला जबडा नंतर मोकळा करणे फार अवघड जाते. फ्रॉइडच्या वेळी काढलेल्या जागी मांस आणि हाड आणून बसवण्याची आजची सूक्ष्म शस्त्रक्रिया नव्हती, ती आता उपलब्ध आहे.

१९२९ मध्ये माक्स शूर हे तरुण डॉक्टर त्यांचे वैद्य झाले. पहिल्याच भेटीत फ्रॉइडनी दोन गोष्टी मागून घेतल्या: नेहमी खरे सांगायचे, आणि वेळ आली की विनाकारण हाल होऊ द्यायचे नाहीत. शूर यांनी दोन्ही कबूल केल्या.

मार्च १९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया घेतले. फ्रॉइड ज्यू होते. गेस्टापोने ॲनाला एक दिवस चौकशीसाठी नेले, तेव्हा देश सोडायला ते तयार झाले. जूनमध्ये ८२ वर्षांचे फ्रॉइड लंडनला पोहोचले. सप्टेंबरमध्ये पिखलर व्हिएन्नाहून तिथे आले आणि त्यांनी शेवटची मोठी शस्त्रक्रिया केली. डिसेंबरमध्ये बीबीसीने त्यांचा आवाज ध्वनिमुद्रित केला. कृत्रिम टाळू सांभाळत, एकेक शब्द कष्टाने उच्चारणारा तो आवाज आजही ऐकता येतो.

१९३९ च्या सुरुवातीला रोग अशा जागी परतला की शस्त्रक्रिया शक्य नव्हती. गाल सडू लागला, त्या वासाने त्यांचा आवडता कुत्राही जवळ येईना. डोके धूसर होऊ नये म्हणून ते ॲस्पिरिनपलीकडे काही घेत नव्हते. आजच्या रुग्णाने एवढे सोसण्याची गरज नाही, वेदनाशमन विभागात योग्य मात्रेत मिळणाऱ्या मॉर्फिनने दुखणे आटोक्यात ठेवून जागे राहता येते. सप्टेंबरमध्ये फ्रॉइडनी शूर यांना दहा वर्षांपूर्वीच्या शब्दाची आठवण दिली आणि ॲनाला सांगायला सांगितले. शूर यांनी मॉर्फिन दिले. २३ सप्टेंबर १९३९ रोजी, झोपेतच, फ्रॉइड गेले.