कै. रावबहादूर मुधोळकर

इ. स. १८५३ च्या तहानें निजामसरकारानें कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटीं तीन मुलूख इंग्रजांच्या हवालीं केले. बऱ्हाड, रायचूर दुआब आणि आमचा नळदुर्ग-धाराशिवाचा प्रांत. पुढें सत्तावनच्या बंडांत निजामाने केलेल्या मदतीची परतफेड म्हणून १८६० सालीं दुआब व नळदुर्ग परत मिळाले आणि बऱ्हाड मात्र इंग्रजांनीं ठेवून घेतलें. कापसाची काळी जमीन कोण सोडतो? नळदुर्गाच्या शेजारचें आमचें जळकोट अशा रीतीनें सात वर्षांत परत निजामी अमलाखालीं आलें. दोन्ही प्रांतांचा मालक कागदावर एकच राहिला. परंतु अमरावतीच्या वकिलाला जें सार्वजनिक आयुष्य लाभलें तें आमच्या बाजूच्या वकिलाला दोन पिढ्या लाभलें नाहीं. हा फरक ज्यांच्या चरित्रांत स्पष्ट दिसतो ते कै. रावबहादूर रघुनाथ नरसिंह मुधोळकर होत.

त्यांचा जन्म १८५७ च्या मे महिन्यांत खानदेशांत धुळ्यास झाला. घराणें मध्यम स्थितीचें. एल्फिन्स्टन कॉलेजांतून पदवी घेऊन व कायद्याचा अभ्यास करून ते अमरावतीस वकिली करूं लागले. मुंबईस राहते तर मोठमोठ्या बॅरिस्टरांच्या गर्दींत एक झाले असते. अमरावतीस पेढीवाले, कापसाचे अडते व कर्जबाजारी कुणबी अशीं कुळें होतीं, आणि त्यांच्या दाव्यांतूनच बऱ्हाडची खरी आर्थिक स्थिति त्यांना समजली असें आम्हांस वाटतें. पुढें राष्ट्रीय सभेच्या व्यासपीठावर देशाचें दारिद्र्य व औद्योगिक शिक्षण हे त्यांचे विषय झाले, यांत नवल नाहीं.

दादासाहेब खापर्डे व मोरोपंत जोशी या दोघां वकीलबंधूंच्या सोबतीनें त्यांनीं बऱ्हाडांत सार्वजनिक कार्याची घडी बसविली. १८९० सालीं राष्ट्रीय सभेनें कायदेकौन्सिलांच्या सुधारणेची मागणी मांडण्यासाठीं विलायतेस शिष्टमंडळ धाडलें. त्यांत ह्यूम, सुरेंद्रनाथ बानर्जी व नॉर्टन यांच्या बरोबरीनें हे तेहतीस वर्षांचे मोफसल वकील होते. दोन वर्षांनीं सुधारणेचा कायदा झाला. पण गंमत अशी कीं त्याचा लाभ मुधोळकरांच्या स्वतःच्या प्रांतास कांहींच झाला नाहीं. बऱ्हाडवर राज्य इंग्रजांचें, मालकी निजामाची. म्हणून तेथील रयत कायद्यानें ब्रिटिश प्रजा नव्हे, आणि कारभार हैदराबादच्या रेसिडेंटाच्या हातीं! १९०२ सालीं लॉर्ड कर्झननें सालीना पंचवीस लक्ष रुपयांवर कायमचा पट्टा करून घेतला व पुढल्या वर्षीं बऱ्हाड मध्यप्रांतास जोडलें, तरी हा पेंच सुटला नाहीं. पुढील काळांतहि बऱ्हाडनें निवडलेले सभासद सरकारनें नेमले असें दाखवूनच कौन्सिलांत बसवावे लागत.

१८९७ च्या डिसेंबरांत राष्ट्रीय सभा अमरावतीस भरली. तें साल दुष्काळाचें, प्लेगचें व रँडच्या खुनाचें. लोकमान्य टिळक तुरुंगांत होते. शंकरन् नायर अध्यक्ष व खापर्डे स्वागताध्यक्ष होते. त्याच मांडवाच्या आसपास सामाजिक परिषद भरून न्यायमूर्ति रानड्यांनीं जुन्याचें पुनरुज्जीवन व सुधारणा यांवर आपलें गाजलेलें भाषण केलें. राजकारण व समाजसुधारणा एकाच गांवीं एकाच आठवड्यांत नांदूं शकतात, हें त्या लहानशा जिल्ह्याच्या शहरानें दाखविलें.

आमच्या व्यापारी वाचकांस विशेष सांगण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. १९०५ पासून राष्ट्रीय सभेच्या जोडीनें औद्योगिक परिषद भरूं लागली, तिच्या चिटणिशीचा भार मुधोळकरांनीं उचलला व तिचें दप्तर अमरावतीस ठेवलें. देशांतील गिरण्यांच्या कापडावर १८९६ पासून साडेतीन टक्के जकात बसली होती, ती तीस वर्षें हटली नाहीं. अशा काळांत कोठें काय पिकतें, काय बनतें, भांडवल कोठें अडतें याची माहिती दरसाल गोळा करून छापणें हें कंटाळवाणें काम होतें. टाळ्या त्याला मिळत नाहींत. मुधोळकरांनीं तें निमूटपणें केलें.

त्यांच्या राजकारणाविषयीं मात्र आम्ही त्यांच्याशीं सहमत नाहीं. १९०७ सालीं सुरतेस फूट पडली तेव्हां खापर्डे टिळकांच्या बाजूस गेले आणि मुधोळकर मेथा-गोखल्यांकडे राहिले. एका बाररूममधील दोन मित्रांच्या वाटा तेथें वेगळ्या झाल्या. १९१२ सालीं बांकीपूरच्या सत्ताविसाव्या अधिवेशनाचें अध्यक्षपद त्यांना मिळालें. हा बहुमान बऱ्हाडचा खरा, पण राष्ट्रीय पक्ष बाहेर होता आणि मांडवांत गर्दी नव्हती. अर्जविनंत्यांनीं राज्यकर्त्यांची सदसद्विवेकबुद्धि जागी होईल हा त्यांचा विश्वास प्रामाणिक होता. तो खोटा ठरला, एवढेंच. परंतु निजामी अमलांत साधी जाहीर सभा भरवावयास परवानगी लागे, दरबारची भाषा उर्दू असे, आणि हैदराबादच्या मराठी वकिलांना १९०७ सालीं विवेकवर्धिनी शाळा काढणें हेंच मोठें राजकारण होतें, हें ज्यांनीं वडिलांच्या तोंडून ऐकलें आहे त्यांनीं अर्ज लिहिणाऱ्यांस फार हंसूं नये. अर्ज करण्याचाहि हक्क आधीं मिळवावा लागतो.

१९२० च्या डिसेंबरांत राष्ट्रीय सभा नागपुरास भरली आणि तिनें वकिलांना कोर्टें सोडण्यास सांगितलें. जुने प्रतिस्पर्धी खापर्डेहि असहकाराच्या विरुद्ध होते. त्यानंतर तीनच आठवड्यांत, १३ जानेवारी १९२१ रोजीं, मुधोळकर वारले.