फ्रेडी मर्क्युरी

फ्रेडी मर्क्युरी (जन्मनाव: फारोख बुलसारा, ५ सप्टेंबर १९४६ – २४ नोव्हेंबर १९९१) हे ब्रिटिश गायक, गीतकार व पियानोवादक होते. क्वीन या रॉक बँडचे प्रमुख गायक म्हणून ते जगभर ओळखले जातात.

बालपण व शिक्षण

मर्क्युरी यांचा जन्म झांझिबार येथे एका पारशी कुटुंबात झाला. वयाच्या आठव्या वर्षी त्यांना सातारा जिल्ह्यातील पाचगणी येथील सेंट पीटर्स या निवासी शाळेत पाठवण्यात आले. तेथे ते पियानो शिकले आणि शाळासोबत्यांसह त्यांनी 'द हेक्टिक्स' हा बँड उभारला. त्यात मुख्य गायक दुसराच होता. फारोख पियानो वाजवीत. लिटल रिचर्ड, क्लिफ रिचर्ड यांची रॉक अँड रोल गाणी ही मुले सादर करीत. १९६४ च्या झांझिबार क्रांतीनंतर बुलसारा कुटुंब इंग्लंडला स्थलांतरित झाले. १९७० मध्ये ब्रायन मे व रॉजर टेलर यांच्यासह क्वीनची स्थापना झाली. पुढच्या वर्षी जॉन डीकन बँडमध्ये आले.

'द गेम'ची निर्मिती

१९७५ च्या 'बोहेमियन ऱ्हाप्सडी'साठी आवाजांचे असंख्य थर रचण्यात बँडचे कित्येक दिवस गेले होते. जून १९७९ मध्ये क्वीन पश्चिम जर्मनीतील म्युनिकच्या म्युझिकलँड स्टुडिओत आले, तेव्हा मर्क्युरी यांनी याच्या अगदी उलट वाट धरली. हॉटेलात स्नान करताना सुचलेले 'क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह' हे गाणे त्यांनी १९५० च्या दशकातील रॉक अँड रोलच्या धाटणीत बांधले. त्यात त्यांनी पियानोऐवजी स्वतः गिटार वाजवली. या वाद्यावर त्यांचे फारसे प्रभुत्व नव्हते आणि त्यामुळे गाण्याची रचना साधी राहिली. मे यांनीही नेहमीची स्वनिर्मित गिटार बाजूला ठेवून फेंडर टेलिकास्टर वापरली.

वादनात चूक झाली की संपूर्ण गाणे पुन्हा वाजवण्याची बँडची रीत होती. सहनिर्माते राइनहोल्ड मॅक यांनी ध्वनिफितीचे चांगले भाग कापून जोडण्याचा मार्ग सुचवला. आरंभीच्या अल्बमांवर सिंथेसायझर न वापरल्याचे अभिमानाने नोंदवणाऱ्या क्वीनने येथे प्रथमच ते वाद्य वापरले. उर्वरित ध्वनिमुद्रण १९८० च्या पूर्वार्धात झाले व ३० जून १९८० रोजी 'द गेम' प्रकाशित झाला. अमेरिकेत प्रथम क्रमांकावर पोहोचलेला हा क्वीनचा एकमेव स्टुडिओ अल्बम होय.

मृत्यू

एड्स झाल्याचे जाहीर केल्यावर दुसऱ्याच दिवशी, २४ नोव्हेंबर १९९१ रोजी, लंडनमधील राहत्या घरी मर्क्युरी यांचे निधन झाले. अंत्यविधी पारशी धर्मगुरूंच्या हस्ते झाला.